निकालाच्या बाकावर तिघं

स्टेलान एकेब्लादला 'मी' हा शब्द फक्त पदकाच्या वेळी आठवायचा. एरवी तो सगळं 'आपण'मध्ये बोलायचा. "आपण आज जरा जड वाटतोय, नाही?" "आपला डावा पाय आळशी झालाय." "आपण शनिवारी चॉकलेटं खाल्लेली दिसतात." हे 'आपण' म्हणजे बारा वर्षांची वेंडेला ब्रॉड्ड. ती बर्फावर घामाघूम होऊन उभी असायची आणि स्टेलान कठड्याला रेलून दालचिनीचा गोड पाव खात असायचा. तो पाव बहुतेक वेळा वेंडेलाच्या आईनेच भाजलेला असायचा.

स्वीडनमधलं ल्युंगविक हे बर्फावरच्या हॉकीचं गाव. बर्फावर पहिला हक्क तरण्या पोरांच्या हॉकीचा, दुसरा पोट सुटलेल्या बाप्यांच्या हॉकीचा, आणि मग जे उरेल ते फिगर स्केटिंगच्या मुलींचं. उरायची ती पहाट. बाहेर मिट्ट काळोख, हाडं गोठवणारी थंडी, आणि आत आदल्या दिवशीच्या हॉकीने खरवडून ठेवलेला बर्फ. बर्फ सारवायचं यंत्र मुलींसाठी सकाळी बाहेर काढायचं की नाही यावर क्लबच्या समितीत दोन वर्षं चर्चा चालली होती. कॉफी पिता पिता सगळे एकमेकांशी सहमत व्हायचे आणि यंत्र जागचं हलायचं नाही.

या गावात स्टेलान म्हणजे मोठं प्रस्थ. तो गोथेनबर्गहून आलेला प्रशिक्षक, गळ्यात रेशमी रुमाल बांधणारा. तरुणपणी नॉर्डिक स्पर्धेत तो सहावा आला होता. एकूण किती जण उतरले होते हे त्याला कधी कोणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून कधी सांगितलं नाही.

दर मंगळवारी तो मुलींचं वजन करायचा. हॉकीवाल्यांचे हरवलेले हातमोजे ज्या खोलीत टाकलेले असत, तिथे काटा ठेवला होता. कुबट वास यायचा. एकेक मुलगी आत जायची आणि बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावरून बाकीच्यांना कळायचं. हे चालू असताना आया पलीकडच्या कॅन्टीनमध्ये बसून क्लबसाठी पाव विकायच्या. आत काय चालतं ते त्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्यावर बोलणं वेगळं. बोलायला गेलं की आपल्या मुलीचं नाव यादीत खाली घसरणार, म्हणून सगळ्या जणी तोंडात गुळणी धरून लोकर विणत बसायच्या.

वेंडेलाची आई मारित त्यातलीच. दिवसभर दंतवैद्याकडे दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावायची आणि संध्याकाळी क्लबात स्वतःचं मिटून ठेवायची. नवरा नॉर्वेच्या समुद्रात तेलविहिरीवर कामाला, घरी आला की झोपायचा. मारितला आयुष्यात कोणी कधी खास बोलावलं नव्हतं. मुलगी जिंकायला लागल्यावर मात्र दुकानात, चर्चच्या बाजारात, सगळीकडे लोक थांबून विचारपूस करायला लागले. गावच्या पेपरात वेंडेलाचा फोटो आला, खाली लिहिलं होतं 'ल्युंगविकची हिमराणी'. मारितने तो कापून फ्रिजवर लावला. वेंडेलाने तो नीट पाहिला. हॉकीच्या संघाला पूर्ण पान होतं आणि हिमराणी मोटारीच्या टायरच्या जाहिरातीशेजारी कोपऱ्यात उभी होती.

"राणीला जरा मोठं राज्य तरी द्यायचं," ती म्हणाली.

"जीभ आवर," मारित म्हणाली. "किती जणींचा येतो पेपरात?"

चौदाव्या वर्षी वेंडेला कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरी आली. पहिली आली फ्रेड्रिका आडलेर. ही लिडिंग्योची, स्टॉकहोमच्या बाजूला जिथे घरांना बोटी लावायला स्वतःचे धक्के असतात तिथली. तिच्या पोशाखावर इतके खडे होते की ती वळली की पंचांचे डोळे मिटत. निदान स्टेलान तसं म्हणायचा. त्याने वेंडेलाच्या मनात तिच्याबद्दल रोज थोडं थोडं विष कालवलं होतं. त्या दोघी कपडे बदलायच्या खोलीत शेजारी शेजारी बसून बूट बांधायच्या आणि एकमेकींकडे पाहायच्याही नाहीत. पदकं गळ्यात घालून फोटोसाठी उभं राहिल्यावर फ्रेड्रिकाने ओठ न हलवता म्हटलं, "पाठ ताठ ठेव. तुझ्यामुळे मी वाकडी दिसतेय."

त्या रात्री पेपरवाल्याला मुलाखत देताना स्टेलान म्हणाला, "मी हे पदक दोन वर्षांपूर्वीच डोळ्यांसमोर पाहिलं होतं."

मग वेंडेला वाढली. मुली वाढतात, यात नवल करण्यासारखं काही नाही. पण फिगर स्केटिंगमध्ये ही बातमी आजारपणासारखी सांगतात. एका वर्षात ती आईपेक्षा उंच झाली, कंबर रुंदावली, आणि ज्या उड्या ती झोपेतसुद्धा मारू शकली असती त्या एकेक करून निघून गेल्या. तिहेरी लुट्झ गेली, मग तिहेरी फ्लिप, मग साधी दुहेरी अ‍ॅक्सलसुद्धा डळमळायला लागली. हवेत जायची, फिरणं पुरं व्हायच्या आत बर्फ समोर यायचा. नितंबावर बशीएवढा काळानिळा डाग पडला आणि तो महिनाभर रंग बदलत राहिला.

स्टेलानने काट्यावरचे मंगळवार आठवड्यातून दोनदा केले. तेवढ्याने काही होईना, तेव्हा त्याने तिला कॅन्टीनमध्ये कॉफीला बोलावलं. मारितही होती.

"आपण खूप सुंदर प्रवास केला," तो म्हणाला.

वेंडेलाला कळलं. स्टेलान 'प्रवास' म्हणाला की कोणाला तरी मधल्या स्टेशनावर उतरवलेलं असायचं.

"सांघिक प्रकारात उंच मुली लागतात," तो पुढे म्हणाला. "रांगेत मागे छान दिसतात. आपण तिकडे विचार करू या."

"आपण दोघं जाणार का रांगेत?" वेंडेलाने विचारलं.

मारितने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. स्टेलान हसला. त्याला असं हसता यायचं की समोरच्यालाच आपण उद्धट असल्यासारखं वाटावं.

"मिंटाला आता जास्त वेळ द्यावा लागणार आहे," तो म्हणाला. मिंटा दहा वर्षांची होती, चिमणीएवढी, आणि तिची तिहेरी सॅल्को नुकतीच जमायला लागली होती.

वेंडेलाला वाटलं, आई क्लब सोडेल. निदान ती क्लबच्या समितीत होती, तिथून तरी बाहेर पडेल. एक-दोन शिव्या घालेल. आठवडाभर तिने वाट पाहिली. मग एका संध्याकाळी शाळेतून आली तर स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचा निळा पोशाख पसरलेला, राष्ट्रीय स्पर्धेतला. मारित चिमट्याने त्यावरचा एकेक खडा उपटून बशीत टाकत होती. शेजारी नवा गुलाबी कपडा होता, बाहुलीला बसेल एवढा.

"हे काय?"

"मिंटाच्या आईला शिवता येत नाही," मारित म्हणाली. मान वर केली नाही. "खडे महाग आहेत. तुला तर आता बसत नाही तो."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"वेंडेला, मी समितीत आहे. मी एकदम उठून गेले तर लोक म्हणतील मुलीला काढलं म्हणून आई रुसली." तिने आणखी एक खडा उपटला. "गावात राहायचंय आपल्याला."

खडे नीट निघत होते. आईचा हात दातांच्या कामाने तयार झालेला होता. मग वेंडेलाने फ्रिज उघडला, लिव्हर पेस्ट काढली, राय धान्याच्या कडक भाकरीवर बोटभर जाड थर लावला आणि तिथेच उभ्याने खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मारित खडे उपटत राहिली. तिच्या मुलीच्या वजनाशी आता क्लबला काही देणंघेणं उरलं नव्हतं.

शरद ऋतूत वेंडेला अकरावीसाठी लिन्शोपिंगला निघून गेली. घरी सांगितलं की तिथली शाळा चांगली आहे. शाळा ठीकठाकच होती. चांगलं एवढंच की तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. एका विधवा बाईकडे वरच्या मजल्यावर खोली घेतली. बूट बरोबर नेणार नव्हती, पण नेले. रविवारी दुपारी तिथल्या रिंकवर सगळ्यांसाठी बर्फ खुला असायचा. बाप मोबाइलमध्ये डोकं घालून उभे, पोरं आधाराला दिलेल्या प्लास्टिकच्या सील प्राण्याला धरून फरफटत चाललेली, कोणी रडतंय, कोणी सँडविच खातंय. त्या गर्दीत एका कोपऱ्यात वेंडेला उड्या मारायची आणि पडायची. इथे पडण्याला कोणी हिशेबात धरत नव्हतं, सगळेच पडत होते.

असंच एकदा पडून उठताना तिला समोर कोणीतरी उभं दिसलं. काळी टोपी, लांब मान, वर चढवलेली हनुवटी.

"तू अजून जिवंत आहेस?" फ्रेड्रिका आडलेरने विचारलं.

"मला वाटलं तूच वारलीस," वेंडेला म्हणाली. "स्केटिंग महासंघाच्या पानावरून तुझा फोटो काढून टाकलाय."

"तुझा तर कधी लावलाच नव्हता."

तेवढ्यात एक पोरगं सीलसकट फ्रेड्रिकाच्या पोटऱ्यांवर आदळलं. तिने त्याला मानगुटीला धरून सरळ केलं आणि दुसऱ्या दिशेला लावून दिलं.

हळूहळू कळलं ते असं. फ्रेड्रिकाच्या पावलातलं हाड मोडलं होतं. तिच्या नामांकित प्रशिक्षिकेने पहिला महिना फुलं पाठवली, दुसऱ्या महिन्यात निरोप पाठवला आणि तिसऱ्या महिन्यात तिची जागा रशियाहून आलेल्या एका मुलीला दिली. महासंघाने आर्थिक मदतीच्या यादीतून नाव काढलं आणि 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' दिल्या. फ्रेड्रिकाचे आईवडील म्हणाले, बरं झालं, आता घोडेस्वारी कर. तेव्हा ती लिन्शोपिंगच्या आजीकडे येऊन राहिली.

"आणि आता सीलच्या कळपात सराव करतेस," वेंडेला म्हणाली.

"तुझी लुट्झ बघवत नाही," फ्रेड्रिका म्हणाली.

"मग बघू नकोस."

"कशी नको बघू? दर मिनिटाला माझ्यासमोर येऊन आपटतेयस." तिने नाक मुरडलं. "उंच झालीस, पण उडी अजून त्या बुटक्या पोरीची मारतेस. घाई करतेस. ब्लेडच्या कडेवर थांब. तुला वाटेल आता उशीर झाला, तेव्हा उडी मार."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. म्हणून फुकट सांगतेय."

वेंडेला रागाने गेली, वळली, मागे झुकून बाहेरच्या कडेवर उभी राहिली, थांबली, आणखी थांबली, आणि आता उशीर झाला असं वाटलं तेव्हा उडाली. उतरताना हात बर्फाला लागला. पण फिरणं पूर्ण झालं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"हात टेकलास," फ्रेड्रिका म्हणाली.

"दिसलं मला."

"पुन्हा."

मैत्री वगैरे झाली असं दोघींपैकी कोणीही कधी म्हटलं नाही. पण पुढच्या रविवारी दोघी आल्या आणि त्याच्या पुढच्याही. मग त्यांनी तिथल्या एका छोट्या क्लबात नाव घातलं. त्या क्लबात मुख्यतः निवृत्त बायका आठवड्यातून एकदा गोल गोल फिरायच्या. त्यांनी या दोघींना बर्फाची वेळ दिली आणि बदल्यात ख्रिसमसच्या कार्यक्रमात प्रकाशाची संत, सेंट लुसिया होऊन डोक्यावर मेणबत्त्या घेऊन स्केटिंग करायला लावलं. फ्रेड्रिका ते करताना इतकी तुसड्या चेहऱ्याने फिरली की पहिल्या रांगेतलं एक बाळ घाबरून रडलं.

प्रशिक्षक नव्हता. एक जण उडी मारायची, दुसरी कठड्याशी उभी राहून शिव्या द्यायची. फोनवर चित्रण काढून एकमेकींच्या चुका पुन्हा पुन्हा बघायच्या. वजन कोणी विचारत नव्हतं. वेंडेला गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप आणि वर पॅनकेक खाऊन यायची आणि संध्याकाळी उंच उडायची. हे स्टेलानच्या सगळ्या शास्त्राच्या विरुद्ध होतं. पाय आता काठ्या नव्हते, पाय होते. उड्या परत आल्या, पण वेगळ्या होऊन. पूर्वी ती भिरभिऱ्यासारखी फिरायची, आता उडी आधी वर जायची आणि मग फिरायची.

अठराव्या वर्षी दोघी वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेला उतरल्या. पहिलाच अडथळा दाराशी आला. ओळखपत्रं वाटणाऱ्या बाईचं नाव गुनिल्ला, मानेभोवती एवढ्या नाड्या की मान दिसत नव्हती.

"प्रशिक्षक कोण?" तिने विचारलं.

"ती माझी," वेंडेला म्हणाली.

"आणि ही माझी," फ्रेड्रिका म्हणाली.

"तुम्ही दोघी स्पर्धक आहात."

"हो. एका वेळी एकच जण बर्फावर असते. दुसरी मोकळीच असते."

"असं चालत नाही."

"नियमात कुठे लिहिलंय?"

गुनिल्लाने नियम काढले, चष्मा लावला, चष्मा काढला, कोणाला तरी फोन केला, त्याने आणखी कोणाला केला. दरम्यान तिने दोघींना कॉफी दिली, कारण माणसाला अडवून ठेवतानासुद्धा कॉफी न देणं स्वीडनमध्ये असभ्य समजलं जातं. शेवटी असं निघालं की असं कोणी कधी करेल हेच नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने अगदी नाइलाजाने, जणू स्वतःचं मूत्रपिंड काढून देतेय अशा चेहऱ्याने, दोघींना प्रशिक्षकाच्या ओळखपत्राची आणखी एकेक नाडी दिली.

छोट्या सादरीकरणानंतर वेंडेला पाचवी होती, फ्रेड्रिका आठवी. दुसऱ्या दिवशी मोठ्या सादरीकरणात फ्रेड्रिका दोनदा पडली. पाय अजून पुरा बरा नव्हता, आणि हे ती कोणालाही सांगत नव्हती. बाहेर आली तेव्हा वेंडेलाने तिला पाण्याची बाटली दिली.

"वाईट होतं," वेंडेला म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मधला भाग चांगला होता. पायांचं काम."

"दया करू नकोस. तुला जमत नाही ती." फ्रेड्रिका पाणी प्यायली आणि तिने ब्लेडवर आवरणं चढवली. "तुझी वेळ झाली की लुट्झच्या आधी माझ्याकडे बघ. मी हात खाली केला की उडी मार. त्याआधी नाही."

वेंडेलाने तसंच केलं. प्रेक्षकांत ल्युंगविकहून आलेले दहा-बारा लोक होते, ते मिंटासाठी आले होते. ती लहान गटात आदल्या दिवशी जिंकली होती. मारित त्यांच्यात बसली होती, क्लबचा मफलर गळ्यात. वेंडेला बर्फावर आली तेव्हा मारितने आधी पुढे बसलेल्या स्टेलानकडे पाहिलं, मग टाळी वाजवली.

लुट्झच्या आधी वेंडेलाने कठड्याकडे पाहिलं. फ्रेड्रिकाचा हात वर होता. थांबली. हात खाली आला. ती वर गेली आणि उतरली तेव्हा बर्फाने हूं की चूं केलं नाही. मग फ्लिप, मग अ‍ॅक्सल, शेवटी दमलेल्या पायांनी मारलेली लूप जरा वाकडी पण पूर्ण. संगीत थांबलं तेव्हा सभागृह उभं राहत होतं. स्वीडिश माणूस असा सहजासहजी उभा राहत नाही. आधी शेजारचा उठतो का बघतो.

निकाल ऐकायला स्पर्धक ज्या बाकावर बसतात, तिथे मागे प्रायोजकांची नावं असतात, समोर कॅमेरा असतो आणि वरून मायक्रोफोन लटकत असतो. वेंडेला बसली, शेजारी फ्रेड्रिका. दोघी धापा टाकत होत्या. फ्रेड्रिका नुसती उभी राहूनही. आणि तेवढ्यात पलीकडून रेशमी रुमाल आला. स्टेलान एकेब्लाद हात पसरून, डोळे पाणावून, कॅमेऱ्याच्या कोनाचा अंदाज घेत, वेंडेलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला.

"आपण करून दाखवलं," तो म्हणाला.

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. वेंडेलाने आधी खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हा बाक प्रशिक्षकांसाठी आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बसमध्ये कोणाला तरी आरक्षित जागा दाखवावी तसा होता.

"वेंडेला," स्टेलान हसला. "मीच तर—"

"माझी प्रशिक्षक ही. तू मला उंच झाले म्हणून काढून टाकलंस. उठ आता."

तो हसतच राहिला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. फ्रेड्रिकाने पुढे वाकून वेंडेलाच्या पलीकडे पाहिलं आणि अत्यंत सभ्य, लिडिंग्योच्या आवाजात म्हणाली, "तुझा रुमाल मायक्रोफोनला घासतोय."

स्टेलान उठला. उठताना प्रायोजकाच्या फलकाला अडखळला. देशभरातल्या लोकांनी, म्हणजे शनिवारी दुपारी फिगर स्केटिंग बघणाऱ्या थोड्याथोडक्यांनी, ते पाहिलं. मग गुण आले. वेंडेला तिसरी आली.

मारित कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभी होती.

"सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतंस," ती म्हणाली. "मंगळवारी समितीची बैठक आहे. मला त्याच्यासमोर बसायचंय."

"मग बसू नकोस."

"तुला सगळं सोपं वाटतं."

"आई," वेंडेला म्हणाली, "मी आत्ता तिसरी आले. अख्ख्या देशात. तुझ्या तोंडून अजून एक शब्द आला नाही."

मारितने मफलर काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला. "आले," असं काहीतरी पुटपुटून ती गाडीकडे गेली आणि परत आली नाही.

सोमवारी गावच्या पेपरात फोटो आला. मथळा होता: 'स्टेलानची शिष्या तिसरी'. फोटोत तो अजून बाकावर बसलेला होता. फ्रेड्रिकाला कापून टाकलं होतं, तिचा फक्त एक गुडघा उरला होता.

जानेवारीत युरोपियन स्पर्धा पोलंडमध्ये होत्या. राष्ट्रीय विजेतीचा घोटा सुजला, दुसरी वयात बसत नव्हती, तेव्हा महासंघाला वेंडेलाची आठवण झाली. फोनवरचा माणूस फार गोड बोलला. फक्त एक गोष्ट म्हणाला: आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षक म्हणून एखादी अनुभवी व्यक्ती हवी, आणि स्टेलान तयार आहे. त्याच्या मनात काही नाही.

"माझ्या मनात आहे," वेंडेला म्हणाली.

"मग तुला कठड्याशी एकटीलाच उभं राहावं लागेल. मैत्रीण वगैरे तिथे चालणार नाही."

"चालेल."

तर युरोपात, जिथे एकेका मुलीमागे प्रशिक्षक, नृत्यदिग्दर्शक, मालिश करणारा आणि रडणारी आई असा लवाजमा होता, तिथे वेंडेला ब्रॉड्ड स्वतःची बाटली स्वतः कठड्यावर ठेवून बर्फावर उतरली. महासंघाचे तिघे अधिकारी आले होते, ते खास पाहुण्यांच्या दालनात होते. तिथे स्मोक्ड मासे होते. फ्रेड्रिका सर्वांत स्वस्त तिकीट काढून छताजवळ बसली होती. लुट्झच्या वेळी वेंडेलाने वर पाहिलं, पण दिव्यांत काही दिसलं नाही. मग तिने स्वतःच थांबून पाहिलं आणि उशीर झाल्यासारखं वाटलं तेव्हा उडी मारली.

छोट्या सादरीकरणात ती चोविसावी आली. मोठ्या सादरीकरणाला चोवीस जणींनाच घेतात.

शेवटच्या क्रमांकाने आत आलेलीला सगळ्यांत आधी उतरावं लागतं. तोवर प्रेक्षक आलेले नसतात, पंच कॉफीचे कप बाजूला ठेवत असतात आणि टीव्हीवर अजून स्कीइंग चालू असतं. रिकाम्या खुर्च्यांसमोर वेंडेलाने साडेपाच महिने घासलेलं सगळं दाखवलं. एकदा पडली, बाकी उभी राहिली. बाहेर आली तर वरच्या जिन्यावरून फ्रेड्रिका धावत खाली येत होती आणि तिच्या मागे, थर्मास छातीशी धरून, मारित. ती बोटीने आणि मग बसने आली होती, कोणाला न सांगता. क्लबचा मफलर गळ्यात नव्हता.

रखवालदाराने दोघींना कठड्यापलीकडेच अडवलं.

"काही खाल्लंस का?" मारितने विचारलं.

"नाही."

तिने थर्मासचं झाकण उघडून गरम चॉकलेट ओतलं आणि रखवालदाराच्या हाताखालून पुढे केलं. वेंडेला ते उभ्याने प्यायली. "समितीत सांगून आलीस?" तिने विचारलं.

"समिती सोडली," मारित म्हणाली. "रुसले म्हणतात सगळे."

"रुसलीस का?"

"हो," मारित म्हणाली, आणि या शब्दाची तिला स्वतःलाच गंमत वाटल्यासारखी दिसली.

अंतिम यादीत वेंडेला बाविसावी होती. गावच्या पेपरात दोन ओळी आल्या: ब्रॉड्डकडून अपेक्षाभंग. कोणाच्या अपेक्षा, हे लिहिलं नव्हतं.

तिने आणखी दोन हंगाम केले. फ्रेड्रिकाच्या पायाने मात्र तोवर साफ नकार दिला होता. ती कायद्याच्या शिक्षणाला लागली आणि गुनिल्लासारख्यांच्या नियमांत फटी शोधणं हा आता तिचा धंदाच होणार होता. वेंडेलाने राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा तिसरा क्रमांक काढला, मग चौथा, आणि ऑक्टोबरातल्या एका साध्या सकाळी सराव अर्ध्यात थांबवून ती बाकावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. दुखलं नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं. पुरे झालं होतं. महासंघाला तसं कळवलं. उत्तर आलं, त्यात तिच्या आडनावातला एक 'ड' गळलेला होता, आणि महिन्याभराने त्यांच्याच एका माणसाचा फोन आला: खेळाडूंच्या कल्याणासाठी नवी समिती होतेय, तुझ्यासारखा तरुण आवाज हवाय.

"किती वेळा भेटते ही समिती?" वेंडेलाने विचारलं.

"वर्षातून दोनदा. कॉफी असते."

"कॉफी मी घरी पिते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता ती उमेओला राहते, भूमापन शिकते, उन्हाळ्यात गुडघाभर दलदलीत उभी राहून डास मारते. स्केटिंगची आठवण येते का, असं लोक फार हळव्या सुरात विचारतात. त्यांना हो ऐकायचं असतं. ती नाही म्हणते, आणि ते बऱ्यापैकी खरं असतं. फक्त कधीतरी, काम करता करता ती मध्येच थांबते. उडीच्या सर्वांत वरच्या टोकाला एक क्षण असायचा, तिथे काटा नव्हता, पंच नव्हते, पेपर नव्हता, आणि कोणालाही तिला काहीही म्हणता येत नव्हतं. मग सोबतचा मुलगा हाक मारतो, "वेंडेला, खुंटी कुठे ठोकू?" आणि ती बोट दाखवते.